मागच्या ओळीची खुंटी

आमच्या गावी भजनाला बोलावणे नसे. लग्नाला असे, बारशाला असे, पंचायतीच्या बैठकीचे तर कोतवाल दोनदा येऊन सांगून जाई. एकादशीच्या भजनाला मात्र कुणी कुणाला 'या' म्हणत नसे. मारुतीच्या देवळात कंदील लागला, पखवाजावर थाप पडली, की ज्याला यायचे तो येई. बोलावणे पाहुण्याला करतात, आणि देवळात पाहुणा कुणीच नाही, असा त्यामागचा विचार. हा नियम कुणी घातला ते मला ठाऊक नाही. तो मोडलेला मी पाहिला नाही. एका वर्षी या नियमापायी आमचे भजन अडून बसले होते, ते लिहून ठेवतो.

आमचे गाव झरीपासून सायकलीच्या अंतरावर. मी झरीच्या शाळेत शिक्षक होतो आणि संध्याकाळी गावात परतून भजनाच्या मागच्या ओळीत उभा राहत असे. भजनाची रचना साधी. पुढे बुवा. ते चरण म्हणत. त्यांच्या दोन्ही अंगांना टाळकरी ओळीने उभे राहून ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, उचलीत. त्याला झील धरणे म्हणतात. ज्यांचा गळा बरा ते पुढे, ज्यांचा नाही ते मागे. मागच्यांना कुणी मागे जा म्हणून सांगितलेले नसे. ज्याचे त्याला कळत असे.

भजन चालवणे म्हणजे नुसते गाणे नव्हे, हे बाहेरच्याला सहसा दिसत नाही. कंदिलाचे तेल घरोघरच्या पाळीने येई. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची भिजवलेली कणीक देवळाच्या शेजारच्या घरातून येई, आणि त्या घरी कणीक नसेल त्या दिवशी ती माउली दुसरीकडून मागून आणी, पण पखवाज अडू देत नसे. टाळांच्या दोऱ्या झिजल्या की ज्याला वळता येत तो वळून देई. पुडे फाटले की पखवाज घेऊन पिंगळीला जावे लागे. जो बाजारच्या कामाने तिकडे निघे तो घेऊन जाई. यातले कुणी गवई नव्हते. निम्म्यांना तर स्वर आणि ओरडणे यांतला फरक सांगता आला नसता. तरीही ती सगळी माणसे एकदम ध्रुपदावर आली, की देवळाच्या गाभाऱ्यातल्या समईची ज्योत हलत असे. ती वाऱ्याने हलत असेल. मी तेव्हा तसे मानले नाही.

देवळाच्या आतल्या भिंतीला लाकडी खुंट्या होत्या. एकेका घराची एकेक खुंटी. तिच्यावर त्या घरचे टाळ. बाप गेला की मुलगा त्याच खुंटीवरून टाळ काढी. दुसऱ्याच्या खुंटीला हात लावायचा नाही. दाराच्या बरोबर समोर जी खुंटी होती, ती आबांची.

आबा म्हणजे माझे शेजारी. साठी ओलांडलेली, अंगाने काटक, कापूस आणि ज्वारी पिकवणारे. सारे गाव त्यांना आबा म्हणे. देवळात ते मागच्या ओळीत माझ्या उजव्या हाताला उभे राहत. त्यांचा आवाज वाईट होता. घोगरा, जाड, आणि ज्या पट्टीत बाकीचे गात तिच्या जरा खाली. वंगण न घातलेल्या चाकासारखा तो ऐकू येई. पण दम मोठा. ध्रुपदाच्या शेवटी आम्ही सगळे एकाच ठिकाणी श्वास घेत असू. आबा तिथे घेत नसत. शेवटचे अक्षर ते तसेच धरून ठेवीत, बुवांनी पुढचा चरण उचलेपर्यंत. मग सवडीने, आम्ही गात असताना, मध्येच कुठेतरी श्वास घेत. त्यांनी धरलेला स्वर चुकीचा असे. पण तो असे.

हे सगळे मी आज लिहितो. तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आले नव्हते. घरातल्या तुळईकडे रोज कोण पाहतो?

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती वर्षे होती. मराठवाड्यात ज्या साली खेड्यापाड्यांतून घरे जळाली, त्या सालापासून आमच्या गावातल्या दलित वस्तीवरचे जे दोघे-तिघे देवळासमोरच्या पाराच्या कडेला बसून भजन ऐकत, ते यायचे थांबले. आमच्या गावात आग लागली नव्हती. तरी ते थांबले. त्यांनाही बोलावणे गेले नाही. भजनाला बोलावणे नसते, हा नियम त्या बाबतीत गावाला फार सोयीचा पडला.

पुढे काही वर्षांनी, भाद्रपदात, ताडकळसला भजनाची स्पर्धा निघाली. गणपतीच्या दिवसांत असल्या स्पर्धा तेव्हा नव्याने निघू लागल्या होत्या. आमच्या बुवांचा गळा पंचक्रोशीत चांगला मानला जाई, आणि तो गावाबाहेर कुणी ऐकावा असे सर्वांनाच वाटे. त्यात वावगे काही नव्हते. एसटी कोणत्या दिवशी बंद राहील याचा त्या वर्षांत नेम नसे, म्हणून टेम्पो केला. सगळे निघालो. आबाही निघाले. त्यांनी धुतलेले धोतर नेसले होते आणि टाळांना राख लावून चकाकी आणली होती.

तिथे पोचल्यावर कळले की मंचावर पखवाजी सोडून दहाच जणांना उभे राहता येईल. आम्ही अकरा होतो.

बुवा वाईट माणूस नव्हते. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि ती आबांपाशी थांबली. माझा आवाजही वाईटच होता, पण लहान होता. आबांचा लहान नव्हता.

"आबा," बुवा म्हणाले, "गाठोडी उघड्यावर पडलीत. तुमी जरा बसता का तिथं?"

आबांनी टाळ कमरेला खोचले आणि जाऊन गाठोड्यांपाशी बसले. आमचे गाणे होईपर्यंत ते मंचाकडे तोंड करून बसलेले मला दिसत होते. ओठ हलत नव्हते.

आम्ही बरे गायलो. निदान आम्हाला तसे वाटले. परीक्षकांपैकी एकाने नंतर सांगितले की बुवांचा गळा उत्तम, पण झील तुटते. प्रत्येक ध्रुपदाच्या शेवटी भोक पडते. बुवांना ते पटले नाही. आमची झील कधी तुटली नव्हती, असे ते टेम्पोत बसल्यावर दोन-तीनदा म्हणाले. आबा मागच्या बाजूला गाठोड्यांवर बसून विडी ओढत होते. उत्तेजनार्थ म्हणून आम्हाला भिंतीवरचे एक घड्याळ मिळाले होते, ते पखवाज्याने मांडीवर धरले होते.

इथवरचे आबांनी गिळले असते, असे मला आजही वाटते. माणसाला गाठोड्यांपाशी बसावे लागते. चूक झाली ती पुढे, आणि ती करणाऱ्याच्या मनात काही काळेबेरे नव्हते. पखवाजी उंच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घड्याळ घेऊन देवळात गेला. देवळात येणाऱ्याला ते एकदम दिसावे, म्हणून त्याने दारासमोरची खुंटी निवडली. तिच्यावरचे टाळ काढून शेजारच्या कोनाड्यात नीट ठेवले आणि घड्याळ टांगले.

त्या एकादशीला आबा नेहमीसारखे आले. दारात थांबले. घड्याळाकडे पाहिले. मी पखवाजाला कणीक लावत होतो. मला वाटले, किती वाजले ते पाहत असतील. त्यांनी कोनाड्यातले टाळ उचलले, मारुतीला हात जोडले आणि टाळ घेऊन घरी गेले. पुढच्या एकादशीला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही.

आता अडचण अशी होती. आबा रुसले हे गावात सर्वांना कळले. का रुसले हेही कळले. पखवाज्याला तर कुणीतरी चांगलेच सुनावले. पण त्यांना जाऊन 'चला' म्हणायचे कुणी? भजनाला बोलावणे नसते. आबांना बोलावले, तर आबा पाहुणे ठरले. ज्याची खुंटी काढून घेतली त्याला वर पाहुणा करायचे, म्हणजे चूक दुप्पट होणार. माफी मागावी, तर ती कशाची? घड्याळ टांगल्याची माफी कुणी मागितल्याचे ऐकिवात नाही. बुवा आबांच्या घरावरून जाताना खाली मान घालून जात. आबा त्यांना ज्वारीच्या पेरणीचे विचारीत, बुवा सांगत, आणि दोघे आपापल्या वाटेने जात.

तिकडे भजन लंगडू लागले. ध्रुपदाच्या शेवटी ते भोक आता आम्हालाही ऐकू येत होते. एकदा ऐकू आल्यावर ते न ऐकणे जमेना. मी स्वतः ती जागा धरून पाहिली. मला खोकला आला.

आश्विन पौर्णिमेच्या संध्याकाळी मी झरीहून उशिरा निघालो. वाटेवरच्या बुद्धविहारात वंदना चालू होती, आणि माझी सायकल पंक्चर झाली म्हणून मला तिथे थांबणे भाग पडले. नाहीतर थांबलो नसतो. त्या वर्षांत कुणी थांबत नसे. आत बायका, माणसे, लेकरे, सगळी एका सुरात म्हणत होती. पुढे बुवा नाही, मागे झील नाही. सगळेच गाणारे. त्यात एक म्हातारी एका शब्दाने मागे राहत होती. सगळ्यांचे संपले की तिचा शेवटचा शब्द एकटाच येई, आणि तो आल्यावरच पुढची ओळ सुरू होई.

माझ्याच शाळेतले एक शिक्षक त्या विहारात येत. आम्ही रोज एका बाकावर बसून डबा खात असू आणि नामांतरावर आमचे एकदाही बोलणे झालेले नव्हते. मत दोघांनाही होते. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी त्यांना म्हटले, की तुमच्यातल्या एक आजी एका शब्दाने मागे राहतात.

त्यांनी भाकरी मोडली. "त्या मागं न्हाईत राहत, गुरुजी. आमीच पुढं पळतो."

मी विचारले, त्यांना कुणी सांगत नाही का.

"सांगून काय करायचं? तिचा शब्द येईस्तोवर आमी थांबतो. तिला वाटतं, सगळे तिला धरूनच म्हणायलेत." मग ते म्हणाले, "आणि तसंच हाय ते."

त्यापुढे आम्ही परीक्षांच्या वेळापत्रकाविषयी बोललो.

कोजागिरीनंतर आमच्याकडे काकडा सुरू होतो. महिनाभर, पहाटे, देवळात भजन आणि मग टाळ वाजवत गावाची फेरी. दारादारात बायका सडा घालून उभ्या असतात. विणेकऱ्याच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात, आणि ओवाळणे होईपर्यंत दिंडी त्या दारात थांबून गाते. थंडी पडू लागलेली असते. ज्वारी गुडघ्याएवढी असते, आणि कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बायांची भाकरीची घाई चाललेली असते. तो चुलींचा धूर आणि बुक्क्याचा वास, हे दोन्ही एकत्र आजही कुठे आले तर मी थांबतो.

शाळेतल्या त्या बोलण्यानंतरच्या पहाटे मी जरा आधी देवळात गेलो. काकड्याला विणेकरी बुवाच असत; ते वीणा लावत होते. मी त्यांना म्हातारीचे सांगितले. कुठे ऐकले तेही सांगितले. ते ऐकून घेत राहिले. मग पखवाज्याला म्हणाले, की आधी ते घड्याळ खाली घे. पखवाज्याने घड्याळ काढले आणि दुसऱ्या भिंतीला खिळा ठोकला. दारासमोरची खुंटी मोकळी झाली.

"मी जाऊन सांगू का आबाला, खुंटी रिकामी केली म्हणून?" पखवाज्याने विचारले.

"न्हाई," बुवा म्हणाले. "कुणी काय सांगायचं न्हाई. त्याच्या दारात गेल्यावर त्याची जागा मोकळी सोडायची. ती दुसऱ्या कुणी भरायची न्हाई. आला त्याचा सूर तर पुढं जाऊ, न्हाई आला तर तसंच उभं राहू."

दिंडी आबांच्या दारात आली. आबांची बायको, जिला आम्ही काकू म्हणत असू, ती दरवर्षीसारखी ताम्हण घेऊन उभी होती. तिने आपला नेम मोडला नव्हता. बुवांनी चरण म्हटला. आम्ही ध्रुपद उचलले आणि शेवटी सगळे गप्प झालो. टाळही थांबवले. गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. बुवा उभे राहिले. मग बऱ्याच वेळाने त्यांनी पुढचा चरण उचलला, आणि पुन्हा तसेच.

काकूने ताम्हण खाली ठेवले. "गोठ्यात हायत," ती म्हणाली. "बैलाला पेंड चारायलेत." कुणी विचारले नव्हते. बुवांनी मान हलवली आणि दिंडी पुढे गेली.

असे बरेच दिवस चालले. गावातली रिकामी माणसे हसू लागली. काकडा लंगडा झालाय, एकाच दारात पाय अडकायलाय त्याचा, असे पारावर कुणीतरी म्हणाले, आणि ते गावभर झाले. विणेकऱ्याचे पाय ओल्या सड्यावर गारठत. पुढच्या घरच्या बायका ओवाळायला खोळंबून राहत आणि शेतावर जायला उशीर झाला म्हणून कुरकुरत. आमच्यापैकीही दोघांनी बुवांना विचारले, की हे कुठवर. बुवा म्हणाले, पौर्णिमेपर्यंत काकडा आहे. त्यानंतरचे त्यानंतर. त्यांचा चेहरा ओढलेला दिसे. काकडा संपला आणि आबा आले नाहीत, तर ते देवळात पुन्हा येणार नाहीत, हे बुवा जाणून होते. आम्हीही जाणून होतो. आबांच्या मुलाला भजनाचे अंग नव्हते. त्या घराची खुंटी कायमचीच रिकामी पडणार होती.

मी मात्र त्या दिवसांत एक गोष्ट पाहत होतो. पहिल्या दिवशी आबा गोठ्याच्या आतल्या टोकाला होते. पुढे पुढे आवाज जवळून येऊ लागला. पेंडीच्या बादलीचा, दावे सोडल्याचा, खाकरल्याचा. बैल रोज जरा अलीकडे बांधला जात असावा.

त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली होती. थंडी चांगली पडली होती. बुवांचा घसा बसला होता, म्हणून चरण खालच्या पट्टीत घेतला. आम्ही ध्रुपद म्हटले, शेवटाला आलो, थांबलो. आणि बुवा उभे राहिले ते राहिलेच. पुढचा चरण त्यांच्या घशातून निघेना. काकू ताम्हण धरून उभी.

"कुणी मेलंय का रं गावात?" गोठ्यातून आबा म्हणाले. "एवढं वढायलेत कशाला?"

बुवांनी ध्रुपद पुन्हा घेतले. आम्ही उचलले. शेवटाला आलो, आणि ते घोगरे, जाड, पट्टीच्या खालचे अक्षर गोठ्याच्या दारातून आले. आले आणि टिकले. बुवांना श्वास घ्यायला, खाकरायला, नवा चरण आठवायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ ते टिकले. बुवा चरणावर आले. झील कुठेही तुटली नाही.

आबा बाहेर आले. हात पेंडीने माखलेले होते. ते मागच्या ओळीत येऊन माझ्या उजवीकडे उभे राहिले. टाळ नव्हते, म्हणून नुसत्याच टाळ्या वाजवीत होते, आणि पेंडीचे शिंतोडे माझ्या सदऱ्यावर उडत होते. दिंडी पुढच्या दाराकडे निघाली तेव्हा ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गुरुजी, तुमी तरी धरायचं व्हतं की."

"मला जमत न्हाई, आबा."

"ते ऐकूच यायलंय म्हैनाभर."

दुसऱ्या पहाटे मी देवळात गेलो, तेव्हा कंदील अजून लागायचा होता. काडी ओढून पाहिले. दारासमोरच्या खुंटीवर टाळ होते. दोरी नवी होती. घड्याळाविषयी पुन्हा कधी बोलणे निघाले नाही. काल्याच्या दिवशी दह्याची हंडी फुटल्यावर पखवाज्याने आबांच्या हातावर आधी प्रसाद ठेवला, एवढेच. आबांनी तो खाल्ला आणि म्हणाले की मीठ कमी आहे.

स्पर्धेला आम्ही पुन्हा गेलो नाही. तसे ठरवले नव्हते. कुणी विषय काढला नाही.

वस्तीवरच्या त्या दोघा-तिघांची पाराच्या कडेची जागाही मोकळीच राहिली होती. तिच्यासमोर आम्ही कधी थांबलो नाही. झरीच्या शिक्षकांना मी आबा परत आल्याचे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, बरे झाले. मग म्हणाले, थांबायचे कुणासाठी हे माणूस ठरवतो. मी डबा बंद केला.

नामविस्तार झाला त्याच्या पुढेमागे आबा गेले. बुवा त्यांच्या आधी गेले होते. आता देवळात ध्वनिक्षेपक आहे, फरशी आहे, आणि एकादशीला येणारी माणसे मोजकी आहेत. त्यांतल्या कुणालाही बोलावणे जात नाही. घड्याळ दुसऱ्या भिंतीवर आहे. ते फार पूर्वी बंद पडले. आबांचा मुलगा परभणीला राहतो. त्याने टाळ नेले नाहीत आणि ते खुंटीवरून कुणी काढले नाहीत. दिवाळीआधी देवळाला चुना देतात तेव्हा रंगवणारा ती खुंटी वगळून भिंत रंगवतो. त्यालाही कुणी सांगितलेले नाही.

ध्रुपदाच्या शेवटी ती जागा आता मी धरतो. माझा आवाज लहान आहे आणि दम त्याहून लहान. मला ते जमत नाही. धरतो.